बंगाली टोपोर, मराठी बाशिंग आणि दोघांतले भेंड

नाशिकच्या एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मुलीचे लग्न कोलकात्याच्या मुलाशी ठरले असून विधी दोन्ही पद्धतींनी पुण्यात होणार आहेत. सासरच्या मंडळींना नवरदेवाच्या डोक्यावर टोपोर, म्हणजे शंकूसारखा उंच पांढरा मुकुट, आणि नवरीच्या डोक्यावर मुकुट हवा आहे, तर इकडे नवरीच्या आजींचा आग्रह बाशिंगाचा आणि मुंडावळ्यांचा आहे. हे सारे घरी हाताने करायची त्यांची इच्छा आहे आणि दोन्ही रीतींचा मेळ घालून एकच शिरोभूषण करता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी गेली सत्तावीस वर्षे मुंडावळ्या आणि बाशिंगे करते. दुर्गापूजेच्या सजावटीसाठी बंगालमधून मुंबईला येणाऱ्या एका वृद्ध कारागिरांकडून पुढे टोपोरही शिकले. त्या अनुभवावरून सांगते की, एकच शिरोभूषण करू नका. दोन वेगळी करा, मात्र ती एकाच भेंडातून करा. या दोन साजांचे खरे नाते आकारात नसून त्यांच्या द्रव्यात आहे, आणि ही गोष्ट दोन्हीकडच्या मंडळींना सहसा माहीत नसते.

बंगालीत ज्याला शोला म्हणतात, त्यालाच आपल्याकडे जुनी माणसे भेंड म्हणतात. दलदलीत आणि साचलेल्या पाण्यात उगवणाऱ्या एका झुडपाच्या खोडातला तो पांढरा, मऊ आणि अतिशय हलका गाभा असतो. ‘भेंडाची फुले’ आणि ‘भेंडाचे बाशिंग’ हे शब्द आपल्या आजींनी नक्की ऐकलेले असतील. कागद, पुठ्ठा आणि प्लॅस्टिकचे मणी सर्रास मिळू लागले तसे भेंडाचे बाशिंग आपल्याकडे मागे पडले. बंगालमध्ये मात्र दुर्गेच्या मूर्तीच्या साजापासून लग्नाच्या टोपोरापर्यंत शोला अजून टिकून आहे आणि पूर्व वर्धमान जिल्ह्यातल्या बनकापासीसारख्या गावात घरोघरी हे काम चालते. ओडिशात जगन्नाथाच्या रथयात्रेत देवांच्या मस्तकी जो मोठा ‘टाहिया’ चढवतात त्यातही शोला असतो, आणि ओडिसी नर्तकीच्या अंबाड्याभोवतीचा पांढरा साजही त्याचाच असतो. साहेबाच्या जमान्यातली सोला हॅट याच गाभ्यापासून बनत असे. तिच्या नावातला ‘सोला’ म्हणजे हेच झुडूप. उन्हाशी किंवा सूर्याशी त्या नावाचा काही संबंध नाही.

मालाकार, म्हणजे बंगालमधले शोल्याचे परंपरागत कारागीर, एक कथा सांगतात. शिवाला स्वतःच्या लग्नासाठी पांढराशुभ्र मुकुट हवा होता. विश्वकर्म्याचा हात कठीण वस्तूंवर बसलेला असल्यामुळे या मऊ गाभ्याचे काम त्याला जमेना, तेव्हा त्यासाठी पहिला मालाकार निर्माण झाला. मला ही कथा फार आवडते, कारण भेंडाचे काम करताना तिचा प्रत्यय रोज येतो: जोर लावला की ते दबते आणि दबलेले पुन्हा वर येत नाही.

आता एकत्र का करू नये, ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाच्या आग्रहावरून मी टोपोराच्या पुढच्या बाजूला बाशिंगाची पट्टी बसवून दिली होती. हातात घेऊन पाहताना ती फार सुंदर दिसत होती. परंतु टोपोर माथ्यावर टेकतो आणि त्याचे वजन वरून खाली येते, तर बाशिंग कपाळाला बांधतात आणि त्याचा सारा भार दोऱ्यावर असतो. दोन्ही एकत्र आल्यावर पुढचा भार वाढला, टोपोर कपाळावर झुकू लागला आणि संपूर्ण मंगलाष्टके होईपर्यंत नवरदेवाला तो एका हाताने धरून उभे राहावे लागले. मुलाकडच्या एका आजींनी नंतर मला अतिशय शांतपणे सांगितले की, हा टोपोरही राहिला नाही आणि तुमचेही काही राहिले नाही. ते बोलणे मला लागले, कारण ते खरे होते. त्या दिवसापासून मी एक नियम पाळते: द्रव्य, वजन, माप आणि बांधणी यांत हवा तो बदल करावा, पण कोणती वस्तू डोक्यावर कोठे बसते आणि कोणत्या विधीला चढते, यात बदल करू नये.

तुमच्या बाबतीत हा नियम पाळणे कठीणही नाही. बंगाली लग्नाचा मुख्य विधी बहुधा संध्याकाळच्या किंवा रात्रीच्या मुहूर्तावर असतो. आपला मुहूर्त सकाळचा किंवा दुपारचा धरला, तर बाशिंग आणि मुंडावळ्या दिवसा, टोपोर आणि मुकुट रात्री, अशी विभागणी आपोआप होते. मध्ये जो वेळ मिळतो त्यात कपाळ पुसून नवरीच्या भुवयांवर चंदनाची नक्षी काढता येते. ही नक्षी बंगाली नवरीच्या साजाचा अविभाज्य भाग आहे आणि मुंडावळीची आडवी सर नेमकी तिच्यावरून जाते. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी ठेवले तर नक्षी तरी पुसली जाते किंवा सर तरी वर सरकवावी लागते.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. बहुतेक बंगाली घरांत टोपोर मुलीकडून मुलाला दिला जातो. म्हणजे तो करणे हे, रीतीप्रमाणेच, तुमच्या घरचे काम आहे. मुलीच्या आईने तो स्वतःच्या हाताने करावा, याहून अधिक योग्य काय असणार? तरीही व्याह्यांकडे एकदा विचारून घ्या, कारण घराघरांच्या रीती वेगळ्या असतात.

प्रथम भेंड मिळवा. ते व्याह्यांकडूनच मागवावे, असे मी सुचवीन. कोलकात्यात ते सहज मिळते आणि त्यांनाही या कामात सहभागी झाल्याचा आनंद मिळतो. कारागीर त्यात दोन जाती ओळखतात. ‘काठ शोला’ कठीण असतो आणि ‘भात शोला’ मऊ. तुम्हाला भात शोला हवा आहे. खोड हातात घेतल्यावर ते अपेक्षेपेक्षा खूपच हलके लागले पाहिजे, नखाने दाबल्यावर खूण उमटली पाहिजे आणि कापलेला भाग एकसारखा हस्तिदंती पांढरा दिसला पाहिजे. आत तपकिरी रेघा किंवा करडे ठिपके असतील तर ते खोड ओले असताना साठवलेले आहे असे समजून बाजूला ठेवावे.

बाजारात तयार मिळणारे पुष्कळ टोपोर आता थर्मोकोलचे असतात. थर्मोकोल मोडला की त्याचे गोल दाणे सुटतात. भेंडाचे तसे होत नाही, ते कापसासारखे तुटते. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्मोकोलवर २०१८ पासून बंदी आहे, हे एक कारण झालेच. मला मात्र त्याहून मोठे कारण वाटते ते हे की, थर्मोकोलचा पांढरा रंग छायाचित्रात निळसर आणि निर्जीव दिसतो, तर भेंडावर दिव्याचा उजेड पडला की ते दुधासारखे उजळते.

टोपोराचा सांगाडा तुम्ही पातळ पण ताठ पुठ्ठ्याचा करावा. मालाकार शंकूचा अंगही बऱ्याचदा भेंडाच्याच पात्यांनी उभा करतात. पहिल्या प्रयत्नात ते साधणार नाही आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. नवरदेवाच्या डोक्याचा घेर भुवयांच्या वर एक बोट अंतर ठेवून मोजून घ्या. प्रौढ पुरुषाचा घेर साधारणपणे ५६ ते ५८ सेंटिमीटर असतो. आत सुती कापडाचे अस्तर येणार असल्यामुळे त्यात एक सेंटिमीटर मिळवावा. समजा बेरीज ५८ आली. या संख्येला १.५७ ने भागले की ३७ येतात. पुठ्ठ्यावर ३७ सेंटिमीटर त्रिज्येचे पाव वर्तुळ काढा, एका सरळ कडेला चिकटवण्यासाठी दीड सेंटिमीटरची पट्टी जास्त ठेवा आणि कापून गुंडाळा. घेर बरोबर बसेल आणि शंकूची उंची सुमारे ३६ सेंटिमीटर होईल. मुलगा फार उंच असेल आणि मांडवाचे प्रवेशद्वार ठेंगणे असेल, तर टोकाकडून चार-पाच सेंटिमीटर कापून तेथे भेंडाचा कळस बसवावा. खालच्या कडेला आतून बांबूची किंवा वेताची पातळ कामटी गोल करून शिवून घेतली की घेर ओबडधोबड होत नाही आणि टोपोर हातांतून फिरताना दबत नाही.

भेंड कापणे हे या कामातले सर्वांत जिकिरीचे. मुरलेला कारागीर खोड एका हाताने फिरवत लांब सुरीने त्याचे सलग पाते काढतो, जणू कागदाची गुंडाळी उलगडावी तसे. ते पाहणे हाच एक आनंद आहे, पण तो हात बसायला वर्षे लागतात. तुम्ही खोडाचे बोटभर लांबीचे तुकडे करून त्यांच्या उभ्या चकत्या काढा, जाडी एक ते दोन मिलिमीटर ठेवा, आणि सुरीचे पाते दर दहा-बारा चकत्यांनंतर बदला. बोथट पाते भेंड कापत नाही, ते फाडते; फाटलेल्या कडेवर नंतर कितीही बेगड लावली तरी ती खरखरीत कड दिसतेच. सुरी स्वतःकडे न ओढता एकाच दिशेने लांब, सलग फिरवावी. पहिल्या दिवशी निम्मे भेंड वाया जाईल, म्हणून लागेल त्याच्या दुप्पट मागवा.

चिकटवण्यासाठी चिंचोक्याची खळ उत्तम. चिंचोके भाजून टरफले काढावीत, रात्रभर भिजवून वाटावेत आणि घट्ट होईपर्यंत शिजवावेत. जुन्या पद्धतीत कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात; ही वस्तू कपाळाला आणि केसांना लागणार आहे, म्हणून ते कटाक्षाने टाळावे. खळ नेहमी पुठ्ठ्याला लावावी, भेंडाला नव्हे, आणि तीही अगदी पातळ. भेंड पाणी शोषते, ओले झाले की वळते आणि वाळताना सुरकुतते. एवढी खटपट नको असेल तर साधा पांढरा फेव्हिकॉल थेंबाथेंबाने लावला तरी चालतो.

चकत्या खालून वर, कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवत लावाव्यात. मग वरच्या नक्षीकडे वळावे: पाकळ्या, वेल, गोल कंगोरे, आणि दोन्ही बाजूंना लोंबणारे, कदंबाच्या फुलासारखे भेंडाचे गोंडे. चंदेरी किंवा सोनेरी बेगड आणि थोड्या टिकल्या शोभतात, पण हात आखडता ठेवा. टोपोर पांढराच राहिला पाहिजे, तोच त्याचा स्वभाव आहे. आजींना लग्नात पांढरा रंग खटकला, तर त्यांना मुंडावळ्यांतले मोती दाखवावेत. तेही पांढरेच असतात आणि त्यांना आपण मंगलच मानतो.

उरलेल्या भेंडातून बाशिंग होईल. आपल्याकडे ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे, पण ते करताना किंवा बांधताना आता फार थोड्यांनी पाहिलेले असते. शहरातल्या अनेक घरांत तर केवळ मुंडावळ्या उरल्या आहेत. तुमच्या आजींच्या माहेरी ते कोणत्या आकाराचे असे, हे त्यांना विचारून कागदावर काढून घ्या, कारण भागाभागाप्रमाणे आणि समाजासमाजाप्रमाणे त्याचे आकार बदलतात. कर्नाटकात आणि तेलुगू मुलखातही लग्नात कपाळाला असेच बांधतात आणि त्याचे नावही बाशिंगाच्या जवळचे आहे. तुमच्यासाठी मी साधा आकार सुचवीन. कपाळाच्या रुंदीची, मध्ये उंच आणि कडांना उतरती होत जाणारी पुठ्ठ्याची पट्टी घ्यावी, तिच्यावर भेंडाची बारीक फुले दाटीने बसवावीत आणि कडेने लाल व हिरव्या बेगडीची रेघ द्यावी. मागच्या बाजूला मऊ कापड लावायला विसरू नका. घामाने ओला झालेला पुठ्ठा कपाळाला चिकटतो आणि खाज येते. नवरदेव बिचारा कोणाला सांगत नाही.

बाशिंग उघड्या केसांवर नीट राहत नाही, ते फेट्यावर किंवा टोपीवर बांधावे. नवरदेवाला दिवसाच्या विधीसाठी फेटा बांधणार असाल तर प्रश्नच मिटला. फेटा मात्र शिवलेला तयार घेऊ नका. आठ-नऊ मीटरचे मऊ सुती कापड घेऊन तो डोक्यावरच बांधून घ्यावा, म्हणजे बाशिंगाच्या दोऱ्याला घट्ट पकड मिळते. वऱ्हाडातल्या बंगाली पाहुण्यांनाही फेटे बांधा; तो मान त्यांच्या लक्षात राहील.

मुंडावळ्यांविषयी थोडे अधिक सांगते, कारण तुमच्या सगळ्या साजात वधू आणि वर या दोघांच्या कपाळी अगदी सारखी असणारी ही एकच वस्तू आहे. टोपोर एकट्या वराचा, मुकुट एकट्या वधूचा, बाशिंगही पुष्कळ ठिकाणी वराचेच. जगातल्या इतर विवाहमुकुटांकडे पाहिले तर हा सारखेपणा मला ग्रीक ऑर्थोडॉक्स लग्नातल्या ‘स्तेफाना’मध्ये दिसतो. तेथे वधू-वरांच्या डोक्यांवर दोन सारखी वर्तुळाकार कडी ठेवतात, ती एकाच फितीने जोडलेली असतात, आणि लग्नाचा साक्षी त्यांची तीन वेळा अदलाबदल करतो. परदेशी राहणाऱ्या एका मराठी मुलीने तिच्या ग्रीक नवऱ्यासाठी माझ्याकडून मुंडावळ्या करून घेतल्या, तेव्हा त्याच्या घरच्यांना त्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरजच पडली नाही. दोन सारखे दागिने पाहताच त्यांना ते कळले.

तुम्ही मोत्यांच्या सरीत मधे मधे भेंडाच्या बारीक कळ्या ओवाव्यात. भेंडात सुई सहज जाते, पण दोरा ओढताना तो भेंड चिरत आत जातो. म्हणून प्रत्येक कळीच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक मणी घालावा. आडवी सर एकपदरीच ठेवावी आणि कानांवरून उतरणाऱ्या दोन लडी हनुवटीच्या खाली जाऊ देऊ नयेत, नाहीतर हार घालताना त्या अडकून तुटतात. आणखी एक सावधगिरी अक्षतांची घ्या. तांदळाला ओले कुंकू चोळलेले असेल तर भेंड तो लाल रंग तत्काळ शोषून घेते आणि तो डाग निघत नाही. अक्षता आदल्या दिवशी करून पूर्ण वाळवून ठेवाव्यात.

नवरीच्या मुकुटाला टोपोराइतके कष्ट पडत नाहीत. पुठ्ठ्याची, मध्ये टोकदार उंच अशी सपाट कमान कापावी, तिच्यावर त्याच चकत्या आणि त्याच कळ्या लावाव्यात, म्हणजे टोपोराची जोडी जुळते. खरे काम आहे ते बांधण्याचे. शुभदृष्टीच्या, म्हणजे वधू-वरांनी एकमेकांना पाहण्याच्या विधीच्या, आधी नवरीला पाटावर बसवून घरचे पुरुष उचलतात आणि वराभोवती सात फेऱ्या घालतात; त्या वेळी तिच्या हातांत चेहऱ्यासमोर धरलेली विड्याची पाने असतात, त्यामुळे मुकुट सावरायला तिचा हात मोकळा नसतो. मुकुटाच्या दोन्ही टोकांना आणि मधे असे तीन ठिकाणी कापडी फासे शिवा. बाजूच्या फाशांतून फीत नेऊन ती अंबाड्याखाली बांधा आणि मधला फासा ओढणीसकट केसांना आकड्याने अडकवा. पुढे सिंदूरदान व्हायचे असल्यामुळे भांग मोकळा राहील अशीच त्याची बैठक ठेवावी. आदल्या दिवशी मुकुट बांधून मुलीला थोडे चालायला, खाली बसायला आणि वाकून नमस्कार करायला सांगा. कोठे ढिला आहे ते लगेच समजेल.

एक गोष्ट मात्र आर्जवाने सांगते. वाळलेले भेंड कागदासारखे पेट घेते, आणि बेगड व टिकल्यांमुळे ते लक्षात येत नाही. दोन्ही पद्धतींच्या विधींत होम आहे. बंगाली होमात वधू-वर लाह्यांची आहुती देण्यासाठी अग्नीकडे वाकतात आणि त्या क्षणी टोपोराचे टोक ज्वाळेच्या दिशेने पुढे जाते. दोन्हीकडच्या पुरोहितांशी आधीच बोलून घ्या. होमाच्या वेळी टोपोर काढून बाजूला ठेवण्यास हरकत नसेल तर तसेच करावे. हरकत असेल तर बैठक अग्नीपासून हातभर मागे सरकवावी आणि घरातल्या एका जबाबदार माणसाला केवळ त्यावर लक्ष ठेवण्यासाठी मागे बसवावे.

लग्न पावसाळ्याच्या आसपास असेल तर तयार साज प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, आत दमटपणा कोंडून भेंड पिवळे पडते आणि बुरशी धरते. पुठ्ठ्याच्या खोक्यात, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात सैल गुंडाळून ठेवावे आणि शंकूच्या आत वर्तमानपत्राचे गोळे भरावेत. नाशिकहून पुण्याला नेताना खोके गाडीच्या मागच्या कप्प्यात न ठेवता कोणाच्या तरी मांडीवर द्यावे.

लग्नानंतर बाशिंग अनेक घरांत देवघराजवळ किंवा आढ्याला बांधून ठेवतात, तुमच्या आजी काय ते सांगतीलच. टोपोर आणि मुकुट मुलीबरोबर कोलकात्याला जाऊ द्या. चांगल्या चार-पाच काड्या भेंड मात्र कोरड्या जागी राखून ठेवावे. बंगाली घरांत बाळाच्या अन्नप्राशनालाही लहानसा टोपोर घालतात, म्हणजे आपल्या उष्टावणाच्या वेळी. त्याचे मापही त्याच रीतीने निघते: बाळाच्या डोक्याचा घेर ४५ सेंटिमीटर आला तर अस्तरासह ४६ धरा, म्हणजे पाव वर्तुळाची त्रिज्या २९ सेंटिमीटरच्या थोडी वर येईल; टोक बरेच खाली कापा, कामटी घालू नका, टिकल्या लावू नका आणि दोरा हनुवटीखाली न बांधता मागच्या मागे सैल बांधा.